खर्जातलं पितळ

चेंदणी कोळीवाड्याच्या बोळात किंवा डोंबिवलीलगतच्या एखाद्या आगरी गावात वरात अजून वळणापलीकडे असते, तेव्हा कानावर आधी येतो तो खर्ज. ट्रम्पेटवर कोणतं गाणं चाललंय ते अजून कळत नसतं, पण खालचे सूर पोचलेले असतात. ट्रॉम्बोनची सरकती नळी सगळी आत ओढलेली असताना निघणारा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला साधारण ५८ कंपनांचा असतो आणि हवेतली त्याची लाट जवळपास ६ मीटर लांब असते. एवढी लांब लाट घराच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते. ट्रम्पेटचे वरचे, धारदार स्वर मात्र बरेचसे सरळ रेषेत जातात आणि भिंतीशी अडतात.

याहून मोठं नवल पुढेच आहे. ही ५८ कंपनं वाद्यातून फार क्षीण बाहेर पडतात. जोरात येतात ते त्यांच्या पटीतले स्वर: ११६, १७४, २३२ आणि त्यापुढचे. त्यांच्यातलं सारखं अंतर मेंदू ओळखतो आणि पायाचा स्वर स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्या स्पीकरला ५८ कंपनं जवळजवळ झेपतच नाहीत, तरी त्यावरचा ट्रॉम्बोन आपल्याला खालीच ऐकू येतो. खर्ज वाजवणारा माणूस अर्धा स्वर स्वतः वाजवतो आणि उरलेला आपल्याकडून वाजवून घेतो, असं म्हटलं तरी चालेल.

स्वराचा जन्म होतो ओठांत. मुखिकेवर ओठ टेकवून ते फुरफुरवायचे; पुढची ट्रॉम्बोनची सुमारे ९ फूट नळी त्या फुरफुरीतून स्वतःला मानवणारीच कंपनं उचलून धरते. युफोनियमची नळी तेवढीच लांब, फक्त ती गुंडाळलेली आणि पोटाशी रुंद होत गेलेली. अंगाभोवती वेढा घालणाऱ्या सुसाफोनची नळी तर १८ फुटांच्या घरात. श्वासातली वाफ आत पाणी होऊन साचते, म्हणून दोन गाण्यांच्या मधे वादक खालची छोटी चावी दाबून पाणी काढताना दिसतो.

या पितळावर पोट भरायचं तर एका कामावर भागत नाही. तुळशीच्या लग्नानंतर सुपाऱ्या सुरू होतात, चातुर्मासात लग्नं थांबतात आणि मग गणपती-नवरात्र हात देतात. ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची लग्नं, चर्चचे सण, रंगमंचावरचे ऑर्केस्ट्रा अशी सुटी सुटी कामं जोडत वर्ष उभं राहतं. ट्रॉम्बोनची पेटी घेऊन गर्दी टाळत लोकलने जाता येतं, सुसाफोनला टेम्पोच लागतो.

एके काळी मुंबईचे ध्वनिमुद्रण स्टुडिओ हा या वादकांचा मोठा आधार होता. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकलेले कितीतरी वादक तिथे आले. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवायचे ब्लास्को मोन्सोरात. पीटर मोन्सोरात हे त्या घराण्यातले नामवंत ट्रम्पेटवादक. पुढे सिंथेसायझर आला आणि मोठे वाद्यवृंद आटले. ऑकलंड विद्यापीठाचे ग्रेगरी बूथ यांनी लग्नाच्या बँडवर आणि या स्टुडिओ-वादकांवर स्वतंत्र पुस्तकं लिहिली. आपल्या दारावरून जाणाऱ्या बँडकडे इतकं मन लावून एका परदेशी अभ्यासकाने पाहिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२००६ साली मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया उभा राहिला, पण त्यातले बरेच वादक परदेशातून येतात. तिथवर पोचतील असे खर्जाचे वादक इथे घडायचे तर शिकवण्या हव्यात, आणि त्या सोप्या नाहीत. ट्रॉम्बोनच्या सरकत्या नळीला सात जागा असतात. प्रत्येक जागेला स्वर एका अर्धस्वराने उतरतो. सातवी इतकी दूर असते की दहा वर्षांच्या मुलाचा हात तिथवर पोचतच नाही. फ्लॅटमध्ये रियाज करायचा तर वाद्याच्या तोंडात म्यूट बसवावा लागतो, नाहीतर वरचा मजला खाली येतो.

तरी आपल्या मुलांना या वाद्यात एक जन्मजात सोय आहे. पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये वाट नसते, ट्रॉम्बोनच्या दोन जागांमध्ये असते. नळी सावकाश ओढली की स्वर न तुटता घसरत जातो आणि मींड निघते. मोठ्या उड्या मात्र ओठांनी माराव्या लागतात, कारण एका दमात सरकण्याचा पल्ला जेमतेम सहा अर्धस्वरांचा. पण 'ग'वरून 'रे'वर उतरायला तेवढा पुष्कळ झाला. कल्याण-डोंबिवलीत घरोघरी पोरं गाणं शिकतात. त्यांच्यापैकी एखाद्याच्या हाती ट्रॉम्बोन आला, तर पहिला धडा पाश्चात्त्य सप्तकाचा न देता यमनच्या आलापाचा द्यावा, असं मला मनापासून वाटतं.