घरच्या इंटरनेटचे यंत्र : भाड्याचे की स्वतःचे?

माल खरेदी करताना भाव ठरविण्यापूर्वी आपण एक प्रश्न अवश्य विचारतो : बारदाना कोणाचा? मालासोबत आपला झाला, की रिकामा करून परत द्यावयाचा? या एका प्रश्नावरून पुढचे किती तंटे टळतात हे व्यापारी बंधूंना सांगावयास नकोच. परंतु घरी इंटरनेटची जोडणी घेताना हाच प्रश्न विचारणारे आपल्यात फार थोडे. भिंतीवर जी लुकलुकणारी पेटी बसविली जाते ती कोणाच्या मालकीची, तिचे भाडे वेगळे आहे किंवा कसे, आणि ती बिघडल्यास बदलून कोणी द्यावयाची, याचा उलगडा बहुधा पहिला बिघाड झाल्यावरच होतो. आम्ही यंत्रशास्त्राचे जाणकार नव्हे. परंतु या बाबतीत पदरचे पैसे खर्चून जे शिकलो ते बंधुभगिनींच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम यंत्राची जात ओळखली पाहिजे. भारत संचार निगमने १४ जानेवारी २००५ रोजी ब्रॉडबँड सेवा सुरू केली तेव्हा ती टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून येत असे, आणि त्या तारेवरील संकेतांचे संगणकास समजेल असे रूपांतर करणारा मोडेम भाड्याने अथवा विकत घेण्याची मुभा होती. मोठ्या शहरांत केबल टीव्हीच्या जाड तारेवरूनही इंटरनेट आले. त्याचा केबल मोडेम निराळा, आणि त्याचे ‘डॉक्सिस’ नावाचे मानक १९९७ पासूनचे. आता आदिलाबादसारख्या गावीही फायबर, म्हणजे केसासारखा काचतंतू, घरात येतो. त्यावरून विजेचे नव्हे, प्रकाशाचे संकेत धावतात. हा प्रकाश जेथे उतरतो त्या पेटीस ‘ओ.एन.टी.’ म्हणतात. तिन्ही यंत्रे दिसावयास सारखीच, पण एकाचे काम दुसऱ्याने होत नाही. ज्वारीच्या चाळणीने तीळ चाळण्यासारखेच ते!

आम्ही नेमकी हीच चूक केली. हैदराबादेस गेलो असता एका दुकानातून चांगले भारी यंत्र घेऊन आलो. घरी पेटी उघडून पाहतो तो मागे टेलिफोनच्या तारेचे भोक, आणि आमच्या भिंतीवर काचतंतू! दुकानदाराने माल परत घेण्यास नकार दिला, व त्यास दोष तरी कसा द्यावा? नग न पाहता सौदा आम्हीच केला होता. पुढे कोणा परिचिताकडून वापरलेली ओ.एन.टी. स्वस्तात घेतली. या वेळी भोक जुळले, पण संकेत जुळेना. कंपनीचा माणूस यंत्राकडे बोट दाखवी आणि यंत्र देणारा कंपनीकडे. अकरा दिवस घरात इंटरनेट नव्हते. सोयाबीनचा ट्रक नागपूरकडे निघावयाचा होता. त्याचे ई-वे बिल मुलाने गच्चीवर उभे राहून मोबाईलवर कसेबसे काढले. चातुर्मासाचे दिवस असल्याने घरच्या वडीलधाऱ्यांचे प्रवचनश्रवणही बंद पडले, आणि त्याबद्दलचा बोल आम्हांस अधिक लागला.

कारण पुढे कळले ते असे. कंपनीच्या केंद्रातून निघालेला एक काचतंतू वाटेत फाटे फोडून बत्तीस किंवा चौसष्ट घरांपर्यंत वाटून दिला जातो. सर्वांचा माल एकाच गाडीत भरलेला असतो. म्हणून प्रत्येक घरच्या यंत्राचा अनुक्रमांक केंद्राच्या दप्तरी नोंदवावा लागतो, आणि ती नोंद असेल तरच त्या घराचा माल त्या घरी उतरतो. शिवाय या पद्धतीच्या ‘जीपॉन’ व ‘ईपॉन’ अशा दोन जाती आहेत. एका जातीचे यंत्र दुसरीवर चालत नाही; दोन्हींवर चालणारी यंत्रेही मिळतात. काही यंत्रे एखाद्याच कंपनीपुरती बांधून ठेवलेली असतात. आमचे ते स्वस्तातले यंत्र अशांपैकीच निघाले.

आता हिशेब. समजा भाडे दरमहा १०० रुपये आहे. त्यावर १८ टक्के जी.एस.टी. धरून ११८ झाले. तीन वर्षांचे ४,२४८. तसलेच यंत्र करासह अडीच हजारांस मिळाले, तर बाविसाव्या महिन्यापासून आपण नफ्यात. यंत्र पेढीच्या नावे व पेढीच्या कामासाठी घेतले आणि बिलावर जी.एस.टी. क्रमांक घातला, तर भरलेल्या कराची वजावटही मिळू शकते. घरच्या वापरासाठी ती नाही, हे मात्र प्रामाणिकपणे पाळावे. ‘यंत्र मोफत’ असे सांगितल्यास ते वापरावयास मोफत, की मालकीने मोफत, हे विचारावे. अमेरिकेत तर ग्राहक स्वतःचे यंत्र वापरीत असता कंपनीने यंत्रभाडे आकारू नये असा कायदाच २०१९ साली झाला व २० डिसेंबर २०२० पासून लागू झाला. म्हणजे त्यापूर्वी न दिलेल्या मालाचेही भाडे घेणारे तेथे होते!

तरीही आमचे मत असे की, भाडे फार नसल्यास काचतंतूच्या टोकाची पेटी कंपनीचीच असू द्यावी आणि घरभर वायफाय पुरविणारा राउटर तेवढा स्वतःचा घ्यावा. बिघाड कोणाच्या हद्दीत आहे हे त्यामुळे लगेच कळते. पेटीवर ‘एल.ओ.एस.’ लिहिलेला दिवा तांबडा लुकलुकू लागला की प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही असे समजावे. तंतू तुटला, वाकला वा निसटला आहे आणि काम कंपनीचे आहे. तो दिवा शांत असून मोबाईलवर मात्र काही येत नसेल, तर प्रथम आपला राउटर तपासावा. निसटलेल्या तंतूच्या टोकात कोणीही डोकावू नये, मुलांस तर विशेष बजावावे. त्यातील प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यांस अपायकारक असतो.

राउटर घेताना २.४ व ५ गिगाहर्ट्झ अशा दोन्ही पट्ट्यांचा घ्यावा. पहिली पट्टी जाड भिंतींतून दूरवर पोहोचते; दुसरी वेगवान, पण दगडी भिंतीपुढे हात टेकते. जुन्या वाड्यांत म्हणूनच तो मधल्या खोलीत, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटामागे कदापि नव्हे. कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. विजेच्या अॅडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. जुन्या टेलिफोनला वीज टेलिफोन केंद्राकडून मिळे, म्हणून दिवे गेले तरी तो बोलत असे. फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. सबब तिच्या व राउटरच्या मापाची छोटी बॅटरी सोबतच घ्यावी.

अखेर कागदाविषयी. जोडणीच्या दिवशी यंत्राचा अनुक्रमांक, अनामत रक्कम आणि यंत्र भाड्याचे की विकत घेतलेले, या तीन गोष्टी पावतीवर लिहवून घ्याव्यात. जोडणी बंद करताना कंपनीचे यंत्र अनुक्रमांकासह परत केल्याची पोहोच मागावी. आम्ही एकदा पोहोच घेतली नाही, आणि हजार रुपयांच्या अनामतीसाठी सहा महिने खेटे घातले.