घोडा का अडला? इव्हेंटिंगमधलं वजाबाकीचं गणित

टोकियो ऑलिम्पिकमध्ये बंगळूरचा फवाद मिर्झा पहिल्या फेरीनंतर नववा होता. स्पर्धा संपली तेव्हा तेविसावा. वीस वर्षांनी ऑलिम्पिकला गेलेल्या भारतीय घोडेस्वाराचं कौतुक झालंच, पण मधल्या दिवसांत नेमकं काय झालं हे फार थोड्यांना कळलं. कारण हा खेळच आपल्याकडे अनोळखी.

इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यानं एकाच स्वारासह द्यायच्या तीन परीक्षा. ड्रेसाजमध्ये आखलेल्या चौकोनात ठरलेल्या चाली शांतपणे करून दाखवायच्या. क्रॉस-कंट्रीत माळरानावरचे ओंडके, चर, पाणी ओलांडत वेळेत परतायचं. शो जंपिंगमध्ये रंगीत दांड्या न पाडता उड्या मारायच्या. मूळ कल्पना लष्कराची. संचलनात डौलदार, रानात दमदार आणि त्यानंतरही धडधाकट राहणारा घोडा त्यांना हवा होता. १९१२ साली स्टॉकहोमला हा प्रकार ऑलिम्पिकमध्ये आला तेव्हा फक्त लष्करी अधिकारीच उतरू शकत. आज स्त्री-पुरुष एकाच यादीत खेळतात. टोकियोचं वैयक्तिक सुवर्ण जर्मनीच्या युलिया क्रायेव्स्कीनं जिंकलं, आणि असं करणारी ती पहिलीच महिला.

गंमत अशी, की यात गुण कमवता येत नाहीत. ड्रेसाजचे टक्के शंभरातून वजा करतात आणि उरलेला आकडा दंड म्हणून डोक्यावर बसतो. पुढे तो वाढतो तरी किंवा तेवढाच राहतो, कमी कधीच होत नाही. फवाद आणि त्याचा घोडा सेन्योर मेडिकॉट ७२ टक्के मिळवून २८ दंडगुणांवर होते. क्रॉस-कंट्रीत ते एकाही अडथळ्याला अडले नाहीत, पण ठरलेल्या वेळेपेक्षा २८ सेकंद उशिरा आले. सेकंदाला ०.४ प्रमाणे ११.२० वाढले. शो जंपिंगला एक दांडी पडली की ४. तिथे आधी ८ आणि अंतिम फेरीत १२.४० वाढले. बेरीज ५९.६०.

हे झालं ऑलिम्पिकचं. हौशी मंडळींचं गणित वेगळ्याच जागी बिघडतं. ब्रिटनमध्ये नोकरी-घर सांभाळून यात उतरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी बीई ८०, बीई ९०, बीई १०० अशा पायऱ्या आहेत, आणि हे आकडे म्हणजे क्रॉस-कंट्रीच्या अडथळ्यांची सेंटिमीटरमधली कमाल उंची. तिन्ही परीक्षा बहुधा एकाच दिवशी. म्हणजे महिनोन्‌महिने पहाटे पागेत राबायचं आणि निकाल काही मिनिटांत. तोही लागेलच असं नाही. पावसानं मैदान चिखलाचं झालं की स्पर्धा रद्द. आदल्या संध्याकाळी नाल निघाला किंवा घोडा लंगडला, तर गाडी घरीच उभी.

आणि सगळं जुळून आलं, तरी घोडा अडू शकतो. बिरबलाच्या कोड्यात घोडा अडतो तो न फिरवल्यामुळे. इथे रोज फिरवलेला घोडाही अडतो. उन्हातून एकदम झाडीच्या सावलीत शिरताना त्याचे डोळे माणसापेक्षा हळू सरावतात, त्यामुळे समोरचा ओंडका त्याला नीट दिसलेला नसतो. कधी पाठ दुखत असते, कधी खोगीर टोचत असतं. आणि पुष्कळदा चूक स्वाराची असते. त्यानं चराच्या पलीकडे बघायचं सोडून चरातच बघितलं किंवा ऐनवेळी लगाम ओढला. एकदा अडला की २० दंडगुण, त्याच अडथळ्याला पुन्हा अडला तर आणखी ४०, तिसऱ्यांदा अडला की बाद. स्वार पडला तर तिथल्या तिथे बाद, पुन्हा रिकिबीत पाय घालून पुढे जाता येत नाही. सकाळी ड्रेसाजमध्ये पहिला आलेला दुपारी घोड्याचा लगाम धरून चालत परततो, हे दृश्य या खेळात नेहमीचं.

मग लोक का करतात? ज्या दिवशी ड्रेसाजचा आकडा शेवटपर्यंत जसाच्या तसा राहतो, त्या दिवसासाठी. इव्हेंटिंगवाले ‘कितवा आलास’ च्या आधी ‘आकडा वाढला का’ असं विचारतात. पंधरावा आलेला माणूसही त्या उत्तरावर खूश असतो.

पण आकडा राखायच्या हट्टाला एक मर्यादा आहे. टोकियोतच क्रॉस-कंट्रीच्या शेवटी स्वित्झर्लंडच्या जेट सेट या घोड्याच्या पायाचा अस्थिबंध तुटला आणि त्याला कायमचं झोपवावं लागलं. मोडणाऱ्या पिना लावलेले अडथळे आज वापरले जातात, ते घोडा जोरात आदळला तर उलथून पडू नये म्हणून. पिन सुटली की ११ दंडगुण लागतात. तरीही सगळ्यात स्वस्त उपाय स्वाराच्याच हातात असतो. घोडा दमलाय असं वाटलं की हात वर करून थांबायचं. कागदावर तोही अपूर्ण निकालच दिसतो.

आपल्याकडे या खेळाचा कणा अजून लष्कर हाच आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी २०१८ ची जकार्ता उजाडावी लागली. तिथे फवादला रौप्य मिळालं आणि संघालाही. इंदूरच्या सुदीप्ती हाजेलाचा सहभाग असलेल्या संघानं २०२३ मध्ये हांगझोला सुवर्ण मिळवलं, ते नुसत्या ड्रेसाजचं. रोगविषयक नियमांमुळे इथले घोडे बाहेर नेणं अवघड, म्हणून वरच्या पातळीवरचे स्वार युरोपातच राहून तयारी करतात. जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या केंद्राला अश्वरोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, तेव्हा कुठे ही वाट किलकिली झाली. क्लबात शिकणाऱ्या हौशी मुलामुलींच्या वाट्याला मात्र अनेकदा शर्यतीतून निवृत्त झालेला घोडा येतो. त्याला आयुष्यभर फक्त धावायला शिकवलेलं असतं. आधी त्याला सावकाश चालायला शिकवायचं, मग ड्रेसाज.