दिव्यांग व्यक्तींसाठी समुपदेशन : तुम्ही काय विचारू शकता?

अपघातानंतर व्हीलचेअर आली, काम सुटले, घरच्यांवर अवलंबून राहावे लागते. अशा वेळी मनावर येणाऱ्या ताणासाठी समुपदेशकाची मदत घेता येते. मात्र समुपदेशकाला दिव्यांगत्वाविषयीचे प्रशिक्षण असणे महत्त्वाचे आहे.

नोंदणी आहे का?
भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ नुसार पुनर्वसन समुपदेशकाची परिषदेकडे नोंदणी असावी लागते. त्यांचा नोंदणी क्रमांक विचारण्यास संकोच करू नका.

प्रशिक्षित समुपदेशक कसा ओळखावा?
• सोबत आलेल्या नातेवाइकाशी नव्हे, थेट तुमच्याशी बोलतो.
• न विचारता तुमच्या व्हीलचेअरला किंवा कुबड्यांना हात लावत नाही.
• तुमची प्रत्येक अडचण दिव्यांगत्वामुळेच आहे, असे गृहीत धरत नाही.
• तुमची इच्छा असल्यास नातेवाइकांना बाहेर थांबण्यास सांगतो.

केंद्रापर्यंत जाता येत नसेल तर?
भेट ठरवतानाच रॅम्प, लिफ्ट व स्वच्छतागृहाची चौकशी करा. तळमजल्यावर भेट मागा. घरबसल्या बोलायचे असल्यास टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा सर्वांसाठी विनामूल्य असून २४ तास सुरू असते. मराठीतही बोलता येते.

मदत मागणे म्हणजे उपकार घेणे नव्हे. तो तुमचा हक्क आहे.