कॉम्प्युटर सुरू होताना कोसळतो तेव्हा : सहा गैरसमज

मेहकर तालुक्यातलं हिवरा आश्रम हे गाव शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आणि तिथल्या शाळा-महाविद्यालयांमुळे ओळखलं जातं. जिथे एवढे विद्यार्थी, तिथे प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि दाखले आलेच, आणि ही सगळी कामं आता कॉम्प्युटरवर होतात. ऐन मुदतीच्या आठवड्यात एखादं मशीन सुरू होता होता निळ्या पडद्यावर अडकलं, तर ते मेहकर-चिखलीला न्यायच्या आधी गावातच बरंच काही कळू शकतं. त्यासाठी काही गैरसमज मात्र बाजूला ठेवावे लागतात.

गैरसमज १ : अनेक प्रोसेसरचं मशीन फक्त मोठ्या प्रयोगशाळेत असतं.
वस्तुस्थिती : १९९१ साली तसंच होतं. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकनं ‘परम ८०००’ बनवला, तो अनेक प्रोसेसर एकत्र जोडूनच. २००५ पासून साध्या डेस्कटॉपमध्येही दोन कोरच्या चिप येऊ लागल्या. ऑपरेटिंग सिस्टीम प्रत्येक कोरला स्वतंत्र प्रोसेसर मानते. म्हणजे आज तुमच्या टेबलावरचं मशीन बहुप्रोसेसरच आहे.

गैरसमज २ : बटण दाबलं की सगळे कोर एकदम कामाला लागतात.
वस्तुस्थिती : सुरुवात एकच कोर करतो. बायोसकडून (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमकडून) मिळालेल्या कोरांच्या यादीवरून ऑपरेटिंग सिस्टीम बाकीच्यांना एकेक करून जागं करते. यादी चुकीची असेल, बायोस जुना असेल किंवा इंटरप्ट (कोरांना दिले जाणारे इशारे) पोहोचवणाऱ्या यंत्रणेत गडबड असेल, तर मशीन नेमकं इथेच कोसळू शकतं. विंडोजवर दिसणारा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ हा संदेश म्हणजे एखादा कोर ठरल्या वेळेत प्रतिसाद देत नाहीये.

याची चाचणी सोपी आहे. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे हार्डडिस्कवर काही न बसवता, मशीन सुरू करा. सगळ्या कोरसह ते नीट चाललं, तर संशय विंडोजवर, ड्रायव्हरवर किंवा हार्डडिस्कवर जातो. तिथेही कोसळलं, तर बूटच्या ओळीत ‘मॅक्ससीपीयूज’ला १ ही किंमत देऊन पाहा. एका कोरवर चालू झालं, तर दोष बायोसमध्ये किंवा इतर कोरांच्या बाजूला आहे. मग बायोसची नवी आवृत्ती हा पहिला उपाय.

गैरसमज ३ : विंडोजच्या ‘एमएसकॉन्फिग’मध्ये प्रोसेसरची संख्या निवडली की मशीन वेगवान होतं.
वस्तुस्थिती : विंडोज मुळातच सगळे कोर वापरतं. प्रोसेसरच्या संख्येपुढची ती खूण कोरांवर मर्यादा घालून दोष शोधण्यासाठी आहे. कुणी ती करून ठेवली असेल तर काढून टाका.

गैरसमज ४ : निळा पडदा म्हणजे व्हायरस.
वस्तुस्थिती : १९ जुलै २०२४ रोजी जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन कोसळली आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कारण होतं क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरची एक सदोष अपडेट फाइल. सेफ मोडमध्ये जाऊन ती काढली की मशीन सुरू होत होतं. खराब रॅम, चुकीचा ड्रायव्हर, कमकुवत एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग), अपडेट चालू असताना गेलेली वीज ही कारणंही तपासायलाच हवीत. दोन रॅम असतील तर एकेक लावून पाहा.

गैरसमज ५ : बंद करून चालू केलं, म्हणजे नव्यानं सुरुवात झाली.
वस्तुस्थिती : विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आलं. ते चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टीमचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे बिघडलेली स्थितीही परत येऊ शकते. नव्यानं सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करा.

गैरसमज ६ : फॉरमॅट मारला की सगळं ठीक होतं.
वस्तुस्थिती : फॉरमॅटनं रॅम दुरुस्त होत नाही, बायोस बदलत नाही. २०२४ मध्ये इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता आढळली. त्यावर उपाय आला तो बायोस अपडेटमधून. फॉरमॅट करून मूळ दोष तसाच राहिला असता, विद्यार्थ्यांची कागदपत्रं मात्र गेली असती.

म्हणून क्रम पाळा. पडद्यावरच्या संदेशाचा फोटो घ्या. लाइव्ह पेनड्राइव्हवरून फाइली बाहेर काढा. नव्यानं जोडलेलं काही असेल तर ते काढा, रॅम तपासा, मग कोरांची चाचणी करा. एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. एवढं करूनही मशीन दुकानात न्यावं लागलं, तर तो फोटो आणि ती वही सोबत द्या. दुरुस्ती करणाऱ्याला अंदाजानं सुटे भाग बदलत बसावं लागणार नाही आणि विद्यार्थ्यांचं काम मुदतीत होण्याची शक्यता वाढेल.