आरोग्य माहिती तंत्रज्ञान आणि रुग्णालयातील दैनंदिन कार्यप्रवाह : एक विवेचन

प्रस्तावना :
रुग्णनोंदी, औषधांचे आदेश व तपासण्यांचे अहवाल संगणकावर आणण्यामागे चुका टाळणे हा प्रमुख हेतू असतो. अवाचनीय हस्ताक्षरामुळे होणारे घोटाळे त्यामुळे टळतात, यात शंका नाही. परंतु डॉक्टर व परिचारिका यांच्या कामाचा क्रम लक्षात न घेता बसविलेली प्रणाली नव्या अडचणी निर्माण करते. अमेरिकेतील दोन बालरुग्णालयांचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे.

पिट्सबर्ग येथील अनुभव :
पिट्सबर्गच्या बालरुग्णालयात ऑक्टोबर २००२ मध्ये संगणकीय आदेश प्रणाली अवघ्या सहा दिवसांत सर्वत्र लागू झाली. तत्पूर्वी अन्य रुग्णालयातून अत्यवस्थ बालक निघाल्याची सूचना मिळताच त्याच्या औषधांची तयारी सुरू होत असे. नव्या पद्धतीत बालक पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत आदेशच देता येत नसे. अतिदक्षता विभागात हाताशी असणारी औषधेही मध्यवर्ती औषध विभागात हलविण्यात आली. परिणामी, उपचाराचे पहिले मोलाचे क्षण संगणकासमोर व प्रतीक्षेत जाऊ लागले. बाहेरून पाठविलेल्या बालकांमधील मृत्युप्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेल्याचे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. प्रणाली आल्यानंतरचा अभ्यासकाल केवळ पाच महिन्यांचा होता. त्यामुळे संपूर्ण दोष प्रणालीस देता येत नाही.

सिएटल येथील अनुभव :
सिएटलच्या बालरुग्णालयाने २००३ मध्ये त्याच कंपनीची प्रणाली स्वीकारली. मात्र तेथे नेहमीच्या आजारांसाठी लागणाऱ्या आदेशांचे संच आधीच तयार ठेवण्यात आले होते. त्यामुळे प्रत्येक औषध स्वतंत्रपणे नोंदविण्याचा वेळ वाचला. २००६ च्या अभ्यासानुसार तेथील बाल अतिदक्षता विभागातील मृत्युप्रमाण ४.२२ टक्क्यांवरून ३.४६ टक्के झाले. ही घट संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हती; तथापि वाढ झाली नाही, हे महत्त्वाचे.

निष्कर्ष :
दोन्ही अभ्यासांतील रुग्णगट भिन्न असल्याने आकड्यांची थेट तुलना करणे योग्य नाही. तरीही एक बाब स्पष्ट होते : एकाच प्रकारच्या यंत्रणेचे फलित ती कामात कशी गुंफली जाते यावर अवलंबून असते. भारतात २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी प्रारंभ झाला. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांना प्रत्येक रुग्णासाठी मिळणारी मिनिटे मोजकीच असतात. म्हणून प्रणाली निवडण्यापूर्वी आदेश कोण देतो, केव्हा देतो व औषध रुग्णापर्यंत कोणत्या मार्गाने पोहोचते, याचे प्रत्यक्ष निरीक्षण व्हावयास हवे. संगणकतज्ज्ञांच्या बरोबरीने परिचारिका व औषधनिर्माते यांचाही त्या निर्णयात सहभाग असणे आवश्यक आहे.