धावती गाडी, मंद भिंग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली पहिली प्रवासी गाडी आजच्या मुलुंडमधून गेली. ३४ किलोमीटरला साधारण तासभर लागला, म्हणजे सेकंदाला नऊ-दहा मीटर. रुळांशेजारी त्या काळचा नेहमीचा कॅमेरा असता, तर त्याच्या प्रकाशसंवेदी प्लेटवर धुरकट पट्टाच उमटला असता. देखाव्यासाठी प्लेट काही सेकंद उघडी ठेवावी लागे. तीन सेकंदांत गाडी तीस मीटर पुढे!

याला रसायनाइतकेच भिंगही कारण होते. १८३९ मध्ये आद्य छायाचित्रकार दागेरने वापरलेले, शेव्हालिये या भिंगकाराचे भिंग एफ/१५ च्या आसपासचे; त्याचे छिद्र नाभीय अंतराच्या जेमतेम पंधराव्या भागाएवढे. ते रुंदावले की कडेचे किरण मधल्या किरणांशी जुळत नसत आणि चित्र फिसकटे. व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेत्झवाल यांनी काच घासण्याआधीच किरणांच्या वाटा कागदावर मोजल्या. मदतीला तोफखान्यातले हिशेबात तरबेज सैनिक होते. १८४० मधले त्यांचे भिंग एफ/३.६ चे. व्यास चौपटीहून थोडा जास्त, पण उजेड सुमारे सतरापट! भिंगांच्या इतिहासातली मला सर्वांत थोर वाटणारी झेप हीच.

मात्र पेत्झवालचे चित्र वाडग्यासारख्या वक्र पृष्ठावर पडे आणि प्लेट सपाट. मधला चेहरा लख्ख, कडा पुसट. माणसाच्या छबीला हे चाले, लेण्याच्या भिंतीला नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सदस्य होते. त्या पिढीला छबीसाठी एक आणि वास्तूसाठी दुसरे, कमी उजेड घेणारे मंद भिंग वापरावे लागे. त्यात प्लेटला मुख्यतः निळा-जांभळा प्रकाश कळे, डोळ्याला पिवळा अधिक उजळ दिसे. डोळ्याने नेमका केलेला फोकस प्लेटवर चुके, म्हणून काही भिंगांत प्लेट किंचित सरकवावी लागे.

१८६६ मध्ये डालमायर आणि श्टाइनहाइल या भिंगकारांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, छिद्राच्या दोन्ही बाजूंना सारखी भिंगे बसवली. एका बाजूने वाकवलेली रेघ दुसरी बाजू सरळ करी. इमारतींचे खांब ताठ झाले, पण वक्र पृष्ठाचा प्रश्न पुरता सुटला नाही, कारण अडचण आता आकारात नव्हती, काचेतच होती. प्रकाश जास्त वळवणारी काच रंगही जास्त फाकवी. १८८० च्या दशकात येना इथे ऑटो शॉट यांनी बेरियम मिसळून प्रकाश जास्त वळवणारी, पण रंग कमी फाकवणारी काच ओतली. तिच्याच आधारे त्साइस कंपनीच्या पाउल रुडोल्फ यांनी १८९० मध्ये असे भिंग रचले, ज्याचे चित्र सपाट प्लेटवर कडेपर्यंत रेखीव उतरे.