पांढरी एकमध्ये गाणारं इंजिन

ऑक्टोबर १९६८. टोकियोच्या मोटार प्रदर्शनात होंडाने एक मोटारसायकल मांडली. इंजिनातून चार नळ्या वळसा घेऊन मागे जात होत्या आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन सायलेन्सर चमकत होते. आत चार सिलिंडर आहेत हे कोणी सांगायची गरजच नव्हती. गाडीचं नाव होतं सीबी ७५० फोर.

शर्यतीच्या जगाला चार सिलिंडर नवे नव्हते. इटलीच्या गिलेरा आणि एमव्ही अगुस्ता यांनी १९५०च्या दशकात त्यांच्याच जोरावर जगज्जेतेपदं मिळवली होती. माइक हेलवूड १९६१मध्ये २५० सीसी गटाचा विजेता ठरला, तो होंडाच्या चार सिलिंडरवर. पण ही यंत्रं मोजकी, कुशल हातांनी जुळवलेली. होंडाचे अभियंते योशिरो हारादा यांच्या गटापुढचं काम वेगळंच होतं: असं इंजिन कारखान्यातून हजारांनी काढायचं.

मुळात चार कशाला? एवढ्या क्षमतेचं एकच सिलिंडर केलं तर पिस्टन अवजड होतो आणि प्रत्येक झेपेला गाडी हादरते. ७३६ सीसी चौघांत वाटले की एकेकाच्या वाट्याला १८४ येतात. बाहेरचे दोन पिस्टन वर जाताना आतले दोन खाली येतात, आणि धक्के आपसांतच फिटतात. सगळे मात्र नाहीत. कनेक्टिंग रॉड तिरका होत असल्याने पिस्टन वरच्या अर्ध्या टप्प्यात किंचित जास्त वेगाने धावतो. म्हणून क्रँकच्या दुप्पट गतीची एक बारीक थरथर शिल्लक राहते आणि हँडल धरलेल्या तळव्यांना मुंग्या आणते.

खरी गंमत आवाजात आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. चार असले की दर अर्ध्या फेरीला एक स्फोट. सीबी ७५० आपली ६७ अश्वशक्ती मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर देत असे. म्हणजे सेकंदाला सुमारे २६७ स्फोट. हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली पांढरी एक सेकंदाला सुमारे २६२ कंपनांची असते! एक सिलिंडरची बुलेट ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला फक्त २५ स्फोट करते, त्यामुळे धडधड ऐकू येते. इथे ठोके इतके जवळ येतात की त्यांचा सूर होतो.

तो सूर परवडणारा करण्याची युक्ती क्रँकशाफ्टमध्ये होती. होंडाच्या आधीच्या सीबी ४५०चा क्रँक तुकडे दाबून जोडलेला होता आणि रोलर बेअरिंगवर फिरत असे. नव्या गाडीला मोटारीसारखा एकसंध, घडीव क्रँक दिला. तो साध्या बेअरिंगमध्ये, दाबाने येणाऱ्या तेलाच्या पातळ थरावर फिरे. आवाज कमी, जुळणी सोपी. शिवाय बटण स्टार्ट, पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ताशी २०० किलोमीटरच्या घरातला वेग. आणि अमेरिकेत किंमत फक्त १,४९५ डॉलर.

वर्षाला १,५०० गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. लवकरच तेवढी मागणी महिन्याला आली, मग महिन्याला ३,०००. सुरुवातीचे क्रँककेस ज्या संथ पद्धतीने ओतले जात, ती सोडून डायकास्टिंग आणावं लागलं. त्या पहिल्या ओतकामाच्या गाड्या आज संग्राहक शोधत फिरतात. १९७०मध्ये डिक मानने सीबी ७५०वर अमेरिकेतली डेटोना २०० शर्यत जिंकली आणि गाडीच्या दमाबद्दल उरलेली शंकाही फिटली.

कावासाकी तेव्हा स्वतःचं ७५० सीसीचं चार सिलिंडर इंजिन घडवत होती. होंडा पुढे गेलेली पाहून तिने आराखडा बदलला आणि १९७२मध्ये ९०३ सीसीची, दोन कॅमशाफ्टची झेड-१ आणली. सुझुकी १९७६मध्ये जीएस ७५० घेऊन आली. होंडानेही सत्तरचं दशक सरताना सीबी ७५०ला दोन कॅमशाफ्ट आणि १६ व्हॉल्व्ह दिले. पुढे हवेऐवजी पाण्याने थंड होणारी इंजिनं आली, कार्बोरेटरच्या जागी इंधन इंजेक्शन आलं.

आजची सीबी ७५० हॉर्नेट दोनच सिलिंडरवर सुमारे ९२ अश्वशक्ती काढते. म्हणजे निव्वळ ताकदीसाठी आता चार सिलिंडर लागत नाहीत. तरी होंडा सीबी ६५० आर चारचीच बनवते आणि ती भारतातही विकली गेली आहे. कुठे दिसली, तर चालवणाऱ्याला अॅक्सिलरेटर थोडा पिळायला सांगा आणि ठोक्यांचा सूर कधी होतो ते नीट ऐका.